तांबडीचे मागचे पाटे

लोक गाडी बघतात ती पुढून नाहीतर बाजूने. मी ती जन्मभर खालून बघितली. डिचोलीत साखळीच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं आणि गॅरेजात एक खड्डा होता, पुरुषभर खोल. गाडी खड्ड्यावर घ्यायची, आपण पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि मान वर करून कामाला लागायचं. अजूनही कोणी घरी आलं की माझी नजर आधी त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांवर जाते आणि मग त्याच्या तोंडाकडे. बायको म्हणते, पाहुण्याला आधी या बसा म्हणावं, तुमची गाडी उजवीकडे कललीय हे नंतर सांगितलं तरी चालतं.

आमचं मूळ घर दोडामार्गाकडचं. वडील खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. मी पाटे बसवायचं काम शिकलो. पाटे म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, एकीखाली दुसरी तोकडी अशा रचलेल्या. मधोमध त्या चाकांच्या एक्सलला आवळलेल्या असतात आणि दोन्ही टोकं वर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, अडकवलेली असतात. रस्त्यात खड्डा आला की धनुष्य सपाट होतं आणि धक्का पोटात घेतं. पण दाबलेलं पोलाद उसळतं, उसळलं की पुन्हा दबतं, आणि गाडी घोड्यासारखी नाचत सुटते. तिला शांत करायला शॉकअप लागतो. एवढं कळलं की माझा अर्धा धंदा कळला.

उरलेला अर्धा माणसांचा. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज वाहणारे ट्रक माझं मुख्य गिऱ्हाईक. कुडाळ-सावंतवाडीकडचे ड्रायव्हर पाटे मोडून यायचे आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की ट्रक रिकामा होता, पाटा आपोआप मोडला. मी मान हलवायचो. खालून बघणाऱ्याला सगळं दिसतं, पण दिसलेलं सगळं बोलायचं नसतं. एक पदेर, म्हणजे पाववाला, पावाची व्हॅन घेऊन आला होता. खड्ड्यांत उंडे, म्हणजे गोल पाव, चेपतात, गाडी मऊ करून दे म्हणाला. मी दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. आठवड्याने तो पुन्हा हजर. पाव छान राहतात, पण वळणावळणाला गाडी अशी डुलते की मलाच ओकारी येते, म्हणाला. मग पाटे परत चढवले आणि पावाच्या फळ्यांखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टाकून दिल्या. त्यानंतर बरेच दिवस सकाळी गॅरेजच्या दाराला गरम पोयांची, म्हणजे कोंड्याच्या पावांची, पिशवी लटकलेली असायची.

पण आयुष्यभरातलं एकच काम सांग असं कोणी म्हटलं तर मी तांबडीचं सांगेन.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. पावसाळ्यात खाणी बंद असतात, ट्रक रांगेने उभे असतात, त्यामुळे आम्हाला नीट हात धुऊन जेवायला तेवढी सवड मिळते. आम्हाला म्हणजे मला आणि शिवाप्पाला. शिवाप्पा बेळगाव जिल्ह्यातला, जातिवंत लोहार. पाट्याला हातोड्याने ठोकून कमान द्यावी तर त्याने. तो कानडी वळणाचं मराठी बोलायचा, रागावला की निव्वळ कानडी, आणि पोलादाशी बोलताना दोन्ही नाही, नुसता हुंकार.

श्रावणातल्या एका उघडिपीत एक ट्रॅक्टर दोरखंडाने एक लहानशी उघडी गाडी ओढत घेऊन आला. इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, छप्पर कापडाचं, पुढचं नाक लांब आणि बूड जमिनीला टेकेल इतकं खाली. रंग एकेकाळी लालभडक असावा, आता पिकल्या कोकमासारखा झालेला. स्टीअरिंगवर पांढरं धोतर, कोट आणि काळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ ताठ बसले होते. हे हळर्णचे भास्कर मास्तर. पेडणे तालुक्यात कितीतरी घरांत यांच्या हाताखाली मराठी शिकलेली माणसं सापडतील. त्यांनी उतरून मला नमस्कार केला आणि म्हणाले, की तांबडीचं मागे काहीतरी मोडलं आहे.

धोतर नेसणाऱ्या मास्तरांकडे ही गाडी कशी, हे मला नंतर कळलं. त्यांचा धाकटा भाऊ रघुवीर बोटीवर इंजिनात कामाला होता, आमच्याकडे ज्याला तारवटी म्हणतात तो. पोर्तुगीज गेले तेव्हा एक गोरा अधिकारी घाईघाईने घरचं सामान विकत होता. सुट्टीवर आलेल्या रघुवीरने ही गाडी बघितली आणि थोरल्या भावाला म्हणाला, अर्धी तू घे, अर्धी मी घेतो. मास्तरांना तेव्हा सायकलही नीट येत नव्हती. पण दोघांनी मिळून घेतली, दोघं मिळून शिकले. जत्रेला दोघं, बाजाराला दोघं, बहिणीला इब्रामपुरात देण्याचं ठरलं तेव्हा मुलगा बघायला गेले तेही दोघंच. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती आणि त्यांना तिसरा नको होता.

मग भाषेचा वाद आला. ज्यांनी तो काळ बघितला त्यांना सांगायला नको. मराठी की कोकणी यावरून मित्र तुटले, दुकानं वेगळी झाली. मास्तरांचा जन्म मराठी शिकवण्यात गेला होता. ती भाषा परकी म्हणवली जाताना त्यांना सहन होत नव्हतं. रघुवीरबाबची गोष्ट निराळी. परक्या समुद्रांवर, बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या धडधडीत आपल्या माणसाशी बोलायला त्याला एक कोकणीच होती. तिला बोली म्हणून बाजूला सारलेलं त्याला खपत नव्हतं. एके दिवशी जेवताना दोघांचं असं काही जुंपलं की ताटं तशीच राहिली. त्यानंतर एकाच घरात दोन चुली झाल्या आणि बोलणं बंद. गाडी मात्र कापता येत नव्हती. एक महिना याने वापरायची, एक महिना त्याने. किल्ली ओसरीवरच्या खिळ्याला लावून ठेवायची.

मी खड्ड्यात उतरून बघितलं. डावीकडचा मुख्य पाटा आरपार मोडला होता. जुने शॉकअप म्हणजे तेल भरलेल्या लहान डब्या, प्रत्येकीला एकेक दांडी. तेल केव्हाच गळून गेलेलं. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, जसं होतं तसंच करा, नवं काही नको. जाताना एवढंच म्हणाले, की मोडली ती माझ्या महिन्यात, पण झिजली असेल ती त्याच्या.

दुसऱ्या दिवशी रघुवीरबाब आला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, हातावर नांगर गोंदलेला. खांद्यावर एक जड खोका. त्यात इंग्लंडहून एका जुन्या सोबत्याकडून मागवलेलं सामान होतं: मागच्या पाट्यांची नवी जोडी, रबरी बुश, आणि डब्यांच्या जागी बसणारे नव्या तऱ्हेचे शॉकअप, नळीत नळी सरकणारे. गाडीच्या कंपनीचं नव्हे, दुसऱ्याच कोणी अशा जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं. पाटे झिजल्याचं त्याला आधीपासून दिसत होतं, म्हणून मागवून ठेवलं होतं. सांगणार कोणाला, म्हणून राहिलं. हेंच घाल, म्हणाला आणि गेला.

झालं. मी मधला. मास्तर आले की खोक्याकडे न बघता विचारायचे, त्याने काय सांगितलं. रघुवीरबाब आला की विचारायचा, ताणें कितें म्हळें. घर एक, ओसरी एक, आणि निरोप डिचोलीमार्गे. शिवाप्पा मला मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणायचा. तो म्हणाला, मेस्त, आपल्याला पगार टपालखात्याकडून घ्यायला पाहिजे.

त्यात आणखी एक गाठ होती. रघुवीरबाबने यंदा गणपती वेगळा करायचं ठरवलं होतं. मूर्ती ज्यावर घडवतात तो पाट सुताराकडून नवा करून घेऊन चिताऱ्याच्या शाळेत, म्हणजे गणपती घडवायच्या कारखान्यात, देऊनही आला होता. आमच्याकडे चुली वेगळ्या होतात, जमिनी वेगळ्या होतात, पण गणपती वेगळा झाला की घर खरोखर मोडलं असं धरतात. इब्रामपूरच्या बहिणीने, शांताबायने, दोघांनाही कळवलं होतं की एका घरात दोन गणपती बसले तर मी एकाही गणपतीला यायची नाही. हे मला मास्तरांनी सांगितलं. गाडीचं बोलता बोलता मध्येच सांगितलं आणि पुन्हा गाडीचं बोलू लागले.

त्या दिवशी मी त्यांना खड्ड्यात उतरवलं. धोतर आवरून ते उतरले. जुन्या डब्या दाखवल्या, त्यांचे सांधे हलवून दाखवले. म्हटलं, मास्तर, या भरून येणाऱ्या नाहीत. नवे बसवू द्या. पण माझा शब्द घ्या, तुमच्या गाडीच्या सांगाड्याला मी एकही नवं भोक पाडणार नाही. उद्या तुम्हाला वाटलं तर जुनं सगळं जसंच्या तसं परत चढवता येईल. ते बराच वेळ वर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "भोक नको पाडू. बाकी तुला कळतं."

मोठ्या माणसाने अहो-जाहो सोडून अरे-तुरे केलं की ते मान्यता दिल्यासारखं असतं. मी कामाला लागलो आणि पहिल्याच तासात शब्द अंगाशी आला. नव्या शॉकअपचं वरचं टोक धरायला जो लोखंडी कोना आला होता, तो बसवायला चेसिसमध्ये भोक पाडणं भाग होतं. सोबतचं सामान त्याच गाडीच्या पुढच्या अवताराचं असावं. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्टही रुंद निघाले, एक्सलभोवती खुळखुळत होते. यू-बोल्टचं काही नव्हतं, शिवाप्पाने ते सळई तापवून नवे वाकवले. पण भोकाचं काय करायचं ते सुचेना.

रघुवीरबाबला दाखवलं. तो खड्ड्यात उतरला, बोटाने चाचपत राहिला आणि म्हणाला, जुन्या डब्या ज्या भोकांत बसत होत्या ती भोकं आहेत ना? त्याच भोकांत एक जाड पत्रा आवळ, आणि शॉकअप त्या पत्र्याला धर. सोपं होतं, आणि मला सुचलं नव्हतं. पण पत्र्याचा आकार वाकडातिकडा यायला हवा होता, एका बाजूला चेसिसची कड, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा पाइप. मी पुठ्ठ्यावर आकार काढून बघत होतो आणि तो सारखा चुकत होता. तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, पट्टी मागितली, स्टुलावर बसले. मापं मी खड्ड्यातून ओरडून सांगितली. त्यांनी शाळेतल्या फळ्यावर काढतात तशी स्वच्छ आकृती काढली, दोन्ही बाजूंची वेगवेगळी, आणि वळणदार अक्षरात एकीवर "डावी" आणि दुसरीवर "उजवी" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रघुवीरबाब आला तेव्हा ते पुठ्ठे भिंतीला लावलेले होते. तो जवळ जाऊन बघत उभा राहिला. अक्षर कोणाचं हे मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. शिवाप्पाला म्हणाला, "दावी न्हय, डावी बरयलां," कारण कोकणीत डावीला दावी म्हणतात. आणि मग, "रेघेवरच काप. केसभर भायर वचूंक नाका." पत्रे कापले. दोन्ही पहिल्या खेपेला चपखल बसले. कल्पना धाकट्याची, आकृती थोरल्याची, हात शिवाप्पाचा. मला नुसते बोल्ट लावायचे होते.

पाटे चढवून गाडी चाकांवर उतरवली आणि आम्ही मागे जाऊन बघितलं तर शिवाप्पाला हसू आवरेना. तांबडीचं बूड वर आणि नाक खाली, बैल उठताना अर्धवट थांबला तर दिसेल तशी. नव्या पाट्यांना कमान जास्त होती. काढले सगळे. शिवाप्पाने एकेक पट्टी सोडवली, ऐरणीवर आडवी टाकली आणि थंडच ठोकत ठोकत कमान उतरवली. हे काम डोळ्याचं नाही, कानाचं आहे. पट्टी कुठे किती वाकली ते तो आवाजावरून ओळखायचा. जुन्या उजव्या पाट्याशी लावून बघायचा, पुन्हा ठोकायचा. दोन दिवस गॅरेजात देवळाच्या घंटेसारखा नाद चालला होता. मग गाडी हवी तशी बसली.

आता शेवटचं काम राहिलं आणि तेच खरं नाजूक. पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतात, त्यांच्यातून बोल्ट जातो. गाडी जॅकवर अधांतरी असताना हे बोल्ट आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आली, माणसं बसली की रबराला कायमचा पीळ पडतो आणि ते वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी पाहिजे, तिच्यात रोजचं वजन बसलेलं पाहिजे, आणि तेव्हाच खालून शेवटचा आवळा द्यायचा. ट्रकला फरक पडत नाही. पण अशा हलक्या गाडीत दोन माणसं बसली तरी पाटे बोटभर दबतात.

मी दोघांनाही सांगितलं, रविवारी सकाळी या, दोघांचं वजन लागेल. मास्तर म्हणाले, शिवाप्पाला बसव. मी म्हटलं शिवाप्पा माझ्याबरोबर खाली लागणार. रघुवीरबाबने फक्त विचारलं, तो येतलो? मी म्हटलं सांगितलंय. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

रविवारी दोघंही आले, वेगवेगळ्या बसने. मास्तर स्टीअरिंगमागे बसले, कारण महिना त्यांचा होता. रघुवीरबाब बाजूला बसला. गाडी एवढी अरुंद की खांद्याला खांदा लागणारच. दोघंही समोरच्या भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. आम्ही खड्ड्यात उतरलो. शिवाप्पाने पाना धरला आणि मी डोळ्यांनी खूण केली, सावकाश.

मी मुद्दाम नव्हे, कामापुरतं, ओरडून सांगितलं की गाडी किंचित डावीकडे कलतेय. डावीकडे रघुवीरबाब बसला होता.

वरून मास्तरांचा आवाज आला. "रघू, तुजें वजन वाडलां."

"म्हजें न्हय," तो म्हणाला. "तूं सुकला. जेवना मरे तूं?"

दोघंही पेडण्याची घरातली बोली बोलत होते. तिला एक जण मराठीची म्हणायचा आणि दुसरा कोकणी, पण बोलताना दोघांच्या तोंडी ती एकच होती. पुढचं मी मराठीतच सांगतो. मास्तर म्हणाले, स्वतःच्या चुलीवर स्वतः शिजवलेलं खाल्लं की माणूस सुकतोच. यावर रघुवीरबाब म्हणाला, तुझा भात करपल्याचा वास भिंतीतून येतो. शिवाप्पाने बोल्ट अर्धा फेरा आवळून थांबवला.

मास्तरांनी विचारलं, चिताऱ्याला पाट देऊन आलास म्हणे. हो, तो म्हणाला. केवढा सांगितलास गणपती? तर रघुवीरबाब थोडा अडखळून म्हणाला, तुझ्या गणपतीपेक्षा लहान सांगितलाय, थोरल्याचा मोठा असायला पाहिजे.

यावर मास्तरांनी वाकून खाली मलाच हाक मारली, की अजून किती वेळ लावणार आहेस, एवढ्या वेळात बोटीचं इंजिन उतरवून होतं. लगेच रघुवीरबाबनेही री ओढली, की बोल्ट आवळतोयस की गोंजारतोयस. दोघं मिळून मला ओरडले. शिवाप्पाने तोंडात बोळा कोंबून हसू दाबलं आणि आम्ही चारही टोकं भराभर आवळून टाकली.

माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी मी आधी स्वतः फिरवून बघितली आहे. हा माझा नियम होता. पण तांबडीत जागा दोनच आणि दोघंही उतरायचं नाव घेईनात. मी म्हटलं, अस्नोड्यापर्यंत जाऊन या, कुठे आवाज येतो का बघा. ते गेले. ती गाडी लांब रस्त्याला स्वतः चालवायची राहिली ती राहिलीच. अजून कधीकधी रुखरुख लागते.

जेवणाची वेळ टळली तरी ते परतले नाहीत. मला नको नको ते सुचू लागलं. शिवाप्पाने वाकवलेले यू-बोल्ट, आम्हीच कापलेले पत्रे, त्यात मोठ्या पावसाने धुतलेला रस्ता. एखादा बोल्ट सुटला तर एक्सल सरकतो आणि गाडी जिकडे जाईल तिकडे. मी स्कूटर काढली. अस्नोड्यात बघितलं, नाही. तिठ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं की एक तांबडी उघडी गाडी दोडामार्गाच्या बाजूला गेली, आत दोन म्हातारे भांडत होते. तेवढ्या बातमीने माझा जीव भांड्यात पडला. भांडत होते म्हणजे बोलत होते.

त्याच बाजूला बहिणीचं इब्रामपूर, म्हणून मी तिकडे गेलो. शांताबायच्या घरासमोर तांबडी उभी होती. गाडीभोवती सगळा वाडा जमलेला आणि गाडीखालून चार पाय बाहेर आलेले, दोन विजारीतले, दोन धोतरातले. धोतराचा मागचा काष्टा चिखलाने लाल. वाकून विचारलं काय मोडलं. मोडलं काही नव्हतं. येताना मागे खटखट होत होती आणि ती कशाची यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. रघुवीरबाब म्हणत होता पत्रा पाइपला लागतोय, मास्तर म्हणत होते त्यांची आकृती बरोबर आहे, पत्रा लागणं शक्य नाही. मी डिकी उघडली. आत आमचाच एक जॅकचा दांडा राहिला होता, तो आपटत होता. दोघंही बाहेर सरकून उठून बसले आणि माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच तो मुद्दाम ठेवला होता.

शांताबाय उंबऱ्यात उभी होती. लहानशी, पांढऱ्या केसांची, पण आवाज असा की दोघं भाऊ तिच्यापुढे गप्प. तिने माझ्या हातात चहा दिला आणि भावांना म्हणाली, "दोघे एका गाडींतल्यान आयले म्हणून मी भुलची ना. गणपती एक हाडात, मागीर म्हाका व्हरात." म्हणजे आधी गणपती एक आणा, मग मला न्या.

मास्तरांनी खाली बघितलं. मग म्हणाले, चल, आत्ताच बस. रघू, तू चालव तिला. मी मेस्ताच्या मागे बसतो. गाडीतली आपली जागा त्यांनी अशी सोडून दिली आणि धोतर सावरत माझ्या स्कूटरकडे आले. शांताबायने पदर डोक्यावरून घेतला आणि तांबडीत बसली. भावांच्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती, लग्न ठरवायला गेले होते तेव्हासुद्धा तिला घरी ठेवून गेले होते. हे तिने बसता बसता सगळ्यांना ऐकवलं.

आम्ही मागे, तांबडी पुढे. स्कूटर हाकताना मी रस्त्याकडे कमी आणि तिच्या मागच्या चाकांकडे जास्त बघत होतो. चाक खड्ड्यात जायचं, पाटा दबायचा, आणि वर शांताबायचा पदर तेवढा हलायचा. उसळी एकदाच, दुसरी नाही. आयुष्यभर खालून बघितलेलं काम असं मागून, चालताना, उन्हात मी पहिल्यांदाच डोळे भरून बघितलं.

हळर्णच्या अलीकडे चिताऱ्याची शाळा आहे. रघुवीरबाबने गाडी थांबवली आणि उतरून आत गेला. आत ओल्या मातीचे गणपती रांगेने बसलेले, आणि मास्तरांनी देऊन ठेवलेला घरचा जुना पाटही तिथेच होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत कोरा पाट होता, त्याच्या वेगळ्या गणपतीचा. मास्तर स्कूटरवरून उतरले. त्यांनी पाटावर हात फिरवला, उलटा करून बघितला आणि विचारलं, लाकूड कसलं. फणसाचं, तो म्हणाला. मास्तर म्हणाले, "बरो आसा. आमच्या पाटाक वाळवी लागल्या. गणपती हेचेरच बसय. आमचो तो परत घेवन ये."

रघुवीरबाब पाट घेऊन पुन्हा आत गेला. बाहेर यायला त्याला थोडा वेळ लागला आणि आला तेव्हा डोळे पुसलेले होते. जुना पाट त्याने शांताबायच्या मांडीवर ठेवला, दुसरीकडे जागाच नव्हती. माझ्याजवळून जाताना थांबला आणि हळूच म्हणाला, "मेस्त, पोतीं दवरल्यार चलतलें, हें म्हाका खबर आशिल्लें."

मला हसावं की लाजावं कळेना. खरंच होतं, वजनासाठी दोन तांदळाची पोती ठेवली असती तरी बोल्ट तसेच आवळले गेले असते. इंजिनात जन्म काढलेल्या माणसाला ते कळत नसेल असं मी धरून चाललो होतो. कळूनही तो रविवारी बस पकडून आला होता आणि खांद्याला खांदा लावून बसला होता.

भाषेवरून ते दोघं पुढेही भांडले, अगदी शेवटपर्यंत भांडले, पण एका पंगतीत बसून. शिवाप्पा आता गावाकडे नातवंडांत आहे. खाणी बंद पडल्या तसा माझा खड्डाही मी बुजवून टाकला.

त्या दिवशी मात्र घर अजून थोडं लांब होतं आणि रस्ता खराब होता. पुढे तांबडी पाण्यावरून जावी तशी चालली होती. मागे माझी स्कूटर प्रत्येक खड्ड्याला कोकलत होती आणि मास्तर माझा खांदा घट्ट धरून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, हिचे शॉकअप केव्हा बदलले होते. मी म्हटलं, लोकांच्या गाड्यांतून वेळच मिळत नाही. पुढच्या धक्क्याला टोपी सावरत ते म्हणाले, "चवथ झाली की आमच्याकडे आणून ठेव ही. रघू आणि मी बसवून देऊ."